आधी आजी-आजोबांचा वर्ग घ्या : इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील मराठी मंडळे, महिला मंडळे आणि गणेशोत्सव समित्या यांचे अध्यक्ष, सचिव व सर्व कार्यकर्ते

स. न. वि. वि.

आपल्यापैकी एका मंडळाने यंदाच्या गणेशोत्सवातील बालविभागासाठी मला पुन्हा बोलावले आहे. विषय गेल्या वर्षीचाच, 'गुड टच, बॅड टच'. वेळ एक तासाची, मुले चार ते आठ वर्षांची, आणि त्याच तासात पालकांसाठी शेजारच्या दालनात मोदक स्पर्धा ठेवलेली आहे. निमंत्रण आपुलकीचे आहे आणि ते नाकारण्याचा माझा मुळीच विचार नाही. मात्र होकार कळवण्यापूर्वी एक अट घालावीशी वाटते, आणि ती एका मंडळापुरती नसून रामबागेपासून सुदामानगरपर्यंतच्या सगळ्याच मंडळांनी विचारात घ्यावी अशी असल्यामुळे खासगी चिठ्ठीत न लिहिता येथे उघड लिहीत आहे. मुलांच्या आधी त्यांच्या घरच्यांना बसवा, आणि त्यांतही आजी-आजोबांना पहिल्या रांगेत बसवा, एवढीच ती अट आहे.

ती का घालते आहे ते गेल्या वर्षीच्या एका प्रसंगावरून सांगते. चाळीसेक मुले सतरंजीवर बसली होती. मी फळ्यावर एक मुलगा आणि एक मुलगी काढली, चड्डी-बनियनने झाकलेले भाग ज्याचे त्याचे असतात हे सांगितले, आणि नको असेल तेव्हा दोन्ही हात पुढे करून मोठ्याने 'नको' म्हणायचे, हे सगळ्यांकडून तीनतीनदा म्हणवून घेतले. मुलांनी मंडप दणाणून सोडला. मग आरती झाली. प्रसाद वाटायला मंडळाचेच एक वयोवृद्ध, सगळ्यांच्या परिचयाचे आणि माझ्याही आदराचे गृहस्थ उभे होते. परकर-पोलके घातलेली पाच वर्षांची एक मुलगी द्रोण घेऊन पुढे आली, तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, "आधी एक पापा, मग मोदक." मुलीने द्रोण काखेत दाबून धरला, दोन्ही हात पुढे केले आणि नुकतेच शिकलेले 'नको' खणखणीत म्हटले. भोवतालचे सगळे हसले. तिच्या आजी लगबगीने पुढे आल्या, त्यांनी तिचा दंड धरला आणि म्हणाल्या, "असं नाही बोलायचं, आजोबा आहेत ना ते! दे बघू पटकन." मुलीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. तिने पापा दिला, मोदक घेतला आणि द्रोण काखेत चुरगळला होता म्हणून वर बोलणीही खाल्ली.

त्या गृहस्थांच्या मनात काही वावगे होते असे मला अजिबात सुचवायचे नाही; ते सज्जन आहेत, आणि त्यांच्या जागी मीही असते तर कदाचित असेच काही म्हणाले असते, कारण आपण सगळे याच लाडात वाढलो. प्रश्न त्यांचा नसून त्या मुलीला त्या अर्ध्या मिनिटात काय शिकायला मिळाले याचा आहे. बाईंनी शिकवलेले 'नको' हे सतरंजीवरचे नाटुकले असते, खऱ्या माणसासमोर ते म्हटले की मोठी माणसे हसतात, आजी आपल्या बाजूला उभी राहत नाही, आणि आपले शरीर थोडे दुसऱ्याच्या हवाली केले की खाऊ मिळतो. यातला शेवटचा धडा सर्वांत घातक आहे, कारण लहान मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस सुरुवातीला नेमका हाच सौदा करतो. त्याला तो मुलाला नव्याने शिकवावा लागत नाही. आपण घरी शिकवून ठेवलेला असतो.

मी इंदुरात एकतीस वर्षे बालवाडी चालवली. त्या अनुभवावरून सांगते की शरीराच्या सुरक्षिततेचा पाठ मूल वर्गात शिकत नाही. ते न्हाणीघरात शिकते, जेवायला वाढताना शिकते, पाहुणे आले की शिकते. "मोठ्यांचं ऐकावं", "उलटून बोलू नये", "घरातलं बाहेर सांगू नये" ही आपल्या घरांतली तीन वाक्ये वाईट नाहीत, पण त्यांना काही अपवाद असतात हे आपण मुलांना कधी सांगत नाही, आणि अपवाद न सांगितलेली आज्ञा लहान मूल अक्षरशः पाळते. मग वर्षातून एकदा कोणी बाई येऊन उलटे सांगून गेली तर मुलाने कोणाचे ऐकावे?

आपली भीती कुठे असते तेही पाहा. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, पाहायला निघताना आपण मुलांच्या खिशात नाव-पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवतो, हात सोडायचा नाही असे दहा वेळा बजावतो. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या झांक्या निघतात, रस्त्यावर रात्रभर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ती काळजी रास्तच आहे. पण अनोळखी माणसाची ही धास्ती आपल्याला चुकीच्या दिशेला पाहायला लावते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य प्रदेशासह तेरा राज्यांतील १२,४४७ मुले त्यात होती. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले, आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा मुलाने ज्यांच्यावर भरवसा ठेवावा असे होते. पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर आरोपी ओळखीचा असण्याचे प्रमाण बहुतेक वर्षी नव्वद टक्क्यांच्या वर राहिले आहे. मुलांपैकी बहुतेकांनी हे कोणालाही सांगितले नव्हते, असेही त्या अभ्यासात आहे. खिशातली चिठ्ठी गर्दीत हरवलेल्या मुलाला घरी आणते. घरातच, ओळखीच्या मांडीवर बसलेले मूल हरवले तर त्याच्या खिशात आपण काय ठेवले आहे?

पहिली गोष्ट ठेवायची ती शब्द. आपल्या घरांत डोळे, नाक, कान, गुडघा, पोटरी सगळे मुलांना पाठ असते आणि कमरेखाली मात्र एकदम पक्षी आणि फुले सुरू होतात. मुलीच्या बाबतीत 'चिमणी', मुलाच्या बाबतीत 'नुन्नी', नाहीतर दोघांसाठी 'शूची जागा'. महाराष्ट्रात हे निदान शेजारच्या काकूंना समजते. आपण इंदुरात राहतो. आपल्या मुलांच्या शाळेतल्या दीदी आणि मॅडम हिंदी बोलतात, व्हॅनवाले भैया हिंदी बोलतात, आणि हिंदीत चिमनी म्हणजे रॉकेलचा दिवा किंवा स्वयंपाकघरातले धूर ओढणारे यंत्र. माझ्याच ओळखीच्या घरातली चार वर्षांची एक मुलगी शाळेत दोन दिवस "मेरी चिमणी दुखती है" असे सांगत होती आणि बाईंना वाटत होते की तिचे कोणते तरी खेळणे मोडले आहे. तिला लघवीच्या जागी साधा जंतुसंसर्ग झाला होता, एवढ्यावर निभावले. पण ती याहून गंभीर काही सांगत असती, तरीही उत्तर तेच मिळाले असते की घरी जाऊन मम्मीला नवीन आणायला सांग. म्हणून शिश्न, योनी, गुदद्वार हे शब्द मुलांना न्हाऊ घालताना, कोपर आणि टाच म्हणताना जो आवाज असतो त्याच आवाजात सांगावेत. आपली तोंडे हे शब्द उच्चारताना वाकडी होतात ती आपली अडचण आहे. अडीच वर्षांच्या मुलाला 'कोपर' आणि 'शिश्न' हे दोन्ही सारखेच नवे शब्द असतात. लाडाची नावे ठेवायची तर ठेवा, खरे नाव मात्र सोबत हवे आणि ते हिंदी बोलणाऱ्यालाही कळणारे हवे.

दुसरी गोष्ट, 'चांगला स्पर्श' आणि 'वाईट स्पर्श' ही विभागणी मी स्वतः अनेक वर्षे शिकवली आणि आता ती मला अपुरी वाटते. लहान मुलाला वाईट म्हणजे दुखणारे, मारणे, चिमटा काढणे. ज्याने त्रास द्यायचा तो मारत नाही. तो गुदगुल्या करतो, मांडीवर घेतो, मोबाइल हातात देतो, खेळ म्हणून सुरुवात करतो. मुलाला त्या वेळी काही दुखत नाही, कधी कधी हसूही येते, आणि मग हा स्पर्श वाईट कसा, हे त्याला उमगत नाही. पुढे कळत्या वयात तेच हसू त्याला अपराधी वाटायला लावते. म्हणून स्पर्श कसा वाटला यावर न सोडता नियम जागेवर बांधावा. झाकलेल्या भागांना दुसऱ्याने हात लावायचा नाही, आपल्याला लावायला सांगायचा नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत, दाखवायचे नाहीत. अपवाद दोन. अजून स्वतःला धुता येत नाही तोवर आई, बाबा, आजी यांच्यापैकी ठरलेल्या माणसाने स्वच्छतेसाठी, आणि दुखत असेल तर डॉक्टरांनी, तेही घरचे माणूस खोलीत असताना. चार-साडेचार वर्षांचे मूल स्वतःचे अंग स्वतः धुऊ शकते. आपण घाईसाठी ते काम त्याच्या हातून काढून घेतो आणि आपल्या शरीरावर पहिला हक्क आपल्या हाताचा, हे शिकण्याची रोजची संधी बादलीबरोबर ओतून देतो.

गुदगुल्यांचे वर नाव घेतले, त्यावर थोडे थांबते, कारण घरात हा धडा देण्याचे याहून सोपे ठिकाण नाही. मूल हसत हसत "बास, बास" म्हणत असते आणि आपण आणखी दोन मिनिटे गुदगुल्या करतो, कारण ते हसत असते. त्या जागी पहिल्या 'बास'ला हात उचलून बघा. मूल क्षणभर चकित होते, पुष्कळदा स्वतःच "परत कर" म्हणते, आणि मग पुन्हा 'बास' म्हणून आपला हात खरेच थांबतो का ते पडताळून पाहते. माझ्या नातीने हा खेळ माझ्याशी सलग चार दिवस खेळला. पाचव्या दिवशी तिने तोच 'बास' तिच्या मामाला ऐकवला आणि तो थांबला नाही तेव्हा सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, "आजी, मामाला नियम माहीत नाही." नियम असतो, तो मोडला जाऊ शकतो, आणि मोडला की सांगायचे असते, एवढे तिला साडेतीन वर्षांची असताना कळले.

तिसरी गोष्ट मराठीने आपल्याला जवळजवळ आयतीच दिली आहे. आपल्याकडे 'गंमत' आणि 'गुपित' असे दोन शब्द आहेत. आजोबांच्या पंचाहत्तरीला काय आणायचे ठरले आहे ही गंमत; ती आज सांगायची नसते, पण अमुक दिवशी सगळ्यांसमोर उघडते आणि सगळे खूश होतात. गुपित कधीच उघडायचे नसते आणि ते सांगितले तर कोणीतरी रागावेल असे बजावलेले असते. मुलांना सांगावे की आपल्या घरात गमती असतात, गुपिते नसतात, आणि कोणीही मोठ्या माणसाने "आईला सांगू नको हं" म्हटले की ती गोष्ट त्याच दिवशी आईला सांगायची. येथे आजी-आजोबांना माझी हात जोडून विनंती आहे. "आईला सांगू नको" म्हणून संध्याकाळी चौथे चॉकलेट देणारे आपणच असतो. चॉकलेट द्या, सुनेचा राग ओढवून घ्या, पण ते वाक्य सोडा. मुलाच्या कानाला ते वाक्य प्रेमाचे म्हणून ओळखीचे झाले की पुढे कोणाच्याही तोंडून ते प्रेमाचेच वाटते.

सणसमारंभांबद्दल थोडक्यात. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातली सगळी पोरे एका पाटावर बसवून जो हाती लागेल तो उटणे चोळतो, त्यात मजा असतेच, पण "पाठीला लावू का?" एवढे विचारण्याने अभ्यंगाला बाधा येत नाही. रंगपंचमीला आपल्या शहरात गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, वसाहतींमध्येही रंग खेळतात, आणि त्या दिवशी कोणाचा हात कुठे गेला हे विचारायची सोय नसते, तेव्हा लहान मुलांना रंग कपाळाला आणि गालाला, असे वसाहतीनेच आधी ठरवून टाकावे. लग्नघराची गोष्ट मात्र मला खरोखर काळजीची वाटते. मंगल कार्यालयात रात्री गाद्या पसरल्या की मुले जिथे जागा मिळेल तिथे, ज्याच्या त्याच्या शेजारी झोपतात, आया मेंदी आणि रुखवतात गुंतलेल्या असतात, आणि कोणते मूल कुठे झोपले आहे हे मध्यरात्री कोणालाच ठाऊक नसते. भांडी मोजायला आपण एक माणूस नेमतो. मुले मोजायलाही नेमावे, आणि त्यांच्या झोपायच्या जागा आईने ठरवाव्यात, गाद्यांच्या संख्येने नव्हे.

आता एक माझ्या चुकीची कथा. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या बालवाडीत एक मुलगा होता. सकाळी हसतखेळत यायचा. दुपारी न्यायला आजी आली तर उड्या मारत जायचा आणि एक थोराड चुलतभाऊ आला तर फाटकाची सळई घट्ट धरून बसायचा, चड्डी ओली करायचा. हे पंधरवडाभर चालले. मी त्याच्या आईला बोलावून सांगितले की मुलगा लाडावला आहे, थोडे कडक राहा. सळईवरची त्याची बोटे मी स्वतः एकेक करून सोडवली आहेत. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या शाळेत गेला, आणि काय झाले होते हे मी कधी विचारले नाही. मुलगी असती तर माझ्या मनात निदान शंका आली असती. मुलग्याच्या बाबतीत तीही आली नाही. वर ज्या अभ्यासाचा उल्लेख केला त्यात त्रास झालेल्या मुलांत निम्म्याहून किंचित अधिक मुलगे होते. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा मला ती सळई आठवली.

मूल शब्दांत सांगत नाही, असे सांगते. अचानक अंथरूण ओले करणे, एका विशिष्ट माणसाला टाळणे, शिकवणीला जायच्या वेळीच पोटात दुखणे, वयाला न शोभणारे काही खेळात करून दाखवणे. यातल्या प्रत्येकाला दुसरेही कारण असू शकते, म्हणून लगेच आकांत मांडू नये, पण 'लाडावले आहे' म्हणून बोटेही सोडवू नयेत. आणि जर ते बोललेच, तर त्या क्षणी आपल्या चेहऱ्यावर काय दिसते त्यावर पुढचे वाक्य येईल की नाही हे ठरते. "बरं झालं सांगितलंस, तुझी काही चूक नाही" हे प्रथम. "ओरडली का नाहीस?", "आधी का नाही सांगितलंस?" हे कधीच नाही, कारण भीतीने मूल थिजते, आणि सतरंजीवर कितीही 'नको' घोकून घेतले तरी त्या वेळी त्याचा आवाज फुटेलच असे नाही. मी माझ्या वर्गात आता हेही सांगते की तुला 'नको' म्हणता आले नाही तरी चालेल, नंतर सांगितलेस तरी चालेल. खोदून खोदून, घरातल्या प्रत्येकासमोर वदवून घेऊ नये. जे बोलले ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवावे. प्रकार नुकताच घडला असेल तर आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाला अशा वेळी विनामूल्य उपचार नाकारता येत नाहीत.

कुटुंबाची बैठक बसवून, त्या माणसाला चार शब्द सुनावून, सगळ्यांनी गणपतीसमोर शपथ घेऊन प्रकरण मिटवण्याची आपली रीत मला चांगली माहीत आहे. तिच्यात त्या माणसाची अब्रू राहते, कुटुंबाची राहते, आणि मूल पुढच्या सणाला त्याच माणसाला नमस्कार करते. कायदा याच्या आड येतो हे आपल्या मंडळींना ठाऊक असावे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा, पॉक्सो या नावाने ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही तो संरक्षण देतो, गुन्हेगार नात्यातला असेल किंवा मूल बारा वर्षांखालील असेल तर गुन्हा अधिक गंभीर धरतो, आणि असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन घालतो. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यातून फक्त मुलांना सूट आहे, आजोबांना नाही. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

"पोलिस ठाण्याची पायरी कशी चढवायची पोराला?" हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. चढवावी लागत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आणि मुलाचा विश्वास असलेल्या माणसाच्या उपस्थितीत घ्यावा, असे त्याच कायद्यात लिहिलेले आहे. न्यायालयात साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ नये अशी तरतूद आहे, आणि मुलाची ओळख पटेल असे काही माध्यमांतून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने ही मनाई आपल्यालाही लागू आहे असे समजून वागावे. "कपड्यांवरूनच तर हात लावला" असे म्हणणारेही भेटतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही या कारणाने एका आरोपीला या कायद्याच्या कलमातून सोडले होते, तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला आणि हेतू पाहायचा असतो हे स्पष्ट केले. कोणाला कळवायचे सुचत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो विनामूल्य आहे आणि मूल स्वतःही लावू शकते. तो मुलांना पाढ्यांसारखा पाठ असावा.

आपल्यापैकी काहींना या सगळ्याने मुलांचा निरागसपणा जाईल, ती मोठ्यांचा मान ठेवणार नाहीत असे वाटते. मानाबद्दल एवढेच म्हणते की आपल्याकडे मान देण्याची रीत नमस्काराची आहे, आणि नमस्कार दोन पावलांवरून होतो. पापा ही आपणहून देण्याची गोष्ट आहे, मागण्याची नव्हे. निरागसपणाचे म्हणाल तर रस्ता ओलांडायला शिकवल्याने कोणाचे बालपण गेल्याचे मी ऐकलेले नाही. उलट आम्ही हे घरी नियमाने बोलतो म्हणणाऱ्या घरांतली मुले मला अधिक मोकळी दिसली आहेत.

आणि आजी-आजोबाच का, हेही सांगते. आपल्या बहुतेक घरांत आई-वडील दोघेही नोकरीला जातात. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत मूल आपल्यापाशी असते. व्हॅनमधून आपण उतरवून घेतो, तबल्याच्या क्लासला आपण सोडतो, दारात आलेल्या माणसाला "ये, बस" आपण म्हणतो. तरुण आई-बापांनी मोबाइलवर थोडेफार पाहिलेले असते. आपल्याला कोणी काही सांगितलेलेच नाही, आणि सूनबाईने सांगितले तर आपल्याला राग येतो. तेच मंडळाच्या व्यासपीठावरून, आपल्याच वयाच्या बाईने सांगितले तर तेवढा येणार नाही असा माझा होरा आहे. आपल्या शहराने २०१७ पासून देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळवला तो एका शिबिराने नव्हे; ओला कचरा सुक्यात टाकला म्हणून माझाच डबा दोन वेळा परत आला होता, तेव्हा कुठे माझा हात वळला. या वयातही हात वळतो.

तेव्हा माझे म्हणणे असे. या वर्षी पहिला तास मोठ्यांचा, दुसरा मुलांचा, आणि दुसऱ्या तासाला मोठ्यांनी मागे बसून ऐकायचे. मुलांकडून मी 'पाच बोटे' करून घेईन, म्हणजे हाताच्या पंजाचे चित्र काढून प्रत्येक बोटावर ज्याला काहीही सांगता येईल अशा एका माणसाचे नाव. त्यातले एक तरी बोट घराबाहेरचे असेल. कोणाच्या चित्रात आपले नाव नाही म्हणून कोणी आजोबांनी रुसू नये. शिवाय प्रसादाच्या वेळी मोदकाला पाप्याची अट नसेल, हे ध्वनिक्षेपकावरून एकदा जाहीर करावे. गेल्या वर्षीच्या त्या गृहस्थांशी मी स्वतः बोलले आहे. ते आधी गप्प बसले, मग म्हणाले की जाहीर करायचे काम मलाच द्या.

मला एक फळा, रंगीत खडू आणि ध्वनिक्षेपक पुरे. गुडघे धरणाऱ्यांसाठी खुर्च्या मात्र भरपूर ठेवाव्यात. मोदक स्पर्धा दुसऱ्या दिवशी नेली, तर परीक्षक म्हणून बसायलाही माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, इंदूर